‘साधी स्कूटर तर आहे’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घरोघरच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. वर ‘वकील मित्राकडून आलेली खात्रीची माहिती’ असं लिहिलंय. वकिलाचं नाव कुठेच नाही. सार असं : स्कूटर ही मोटारसायकल नव्हे आणि ती जेमतेम चाळीसने चालते, म्हणून गावात हेल्मेटची सक्ती नाही, मागे बसणाऱ्याला आणि बायकांना तर नाहीच. विनागिअरचं लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, तेव्हा मुलांना बिनधास्त गाडी द्या. लहान मूल पुढे फूटबोर्डवर उभं केलेलं चालतं. बॅटरीच्या स्कूटरला लायसन्स, नंबर, विमा काही लागत नाही. पुढचा ब्रेक लावू नका, कोलांटी होते. नव्या गाडीचा विमा पाच वर्षांचा असतो, निर्धास्त राहा. आणि कागदपत्रं घरी ठेवा, मोबाइलवर दाखवली तरी पुरतात. यातला शेवटचा मुद्दा तेवढा बराचसा खरा आहे.

सगळ्या मेसेजचा पाया पहिल्याच वाक्यात आहे आणि तोच कच्चा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२७) मध्ये मोटारसायकलची व्याख्या दिली आहे : दोन चाकांचं मोटार वाहन, साइडकार जोडली असेल तर तिच्यासकट. गिअर आहेत की नाहीत, इंजिन कुठे बसवलंय, पाय ठेवायला सपाट जागा आहे का, यातलं काहीही त्या व्याख्येत नाही. दुकानदार आणि आपण ‘स्कूटर’ आणि ‘बाइक’ असे दोन कप्पे करतो, कायदा करत नाही. पुढची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आता ‘गावात सक्ती नाही’. कलम १२९ म्हणतं की कोणत्याही प्रकारच्या मोटारसायकलवर, सार्वजनिक जागी, चार वर्षांवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवं; चालवणाऱ्याच्याही आणि बसणाऱ्याच्याही. सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथे जाण्या-येण्याचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता, गल्लीबोळासकट. हायवे आणि गाव असा फरक कलमात नाही. तो लोकांच्या डोक्यात आला, कारण तपासणी बऱ्याचदा मोठ्या रस्त्यावर होते. पण पोलीस कुठे उभे राहतात यावरून कायदा ठरत नसतो. बायकांना सूट? कायद्याने सूट दिलीय ती पगडी घालणाऱ्या शिखांना. दिल्लीत २०१४ पर्यंत महिलांना सवलत होती, त्या जुन्या बातमीचा तुकडा अजून फिरत असावा. विनाहेल्मेटची शिक्षा कलम १९४ डी मध्ये आहे : एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. जागेवर अधिकृतपणे भरून प्रकरण मिटवायची रक्कम राज्यागणिक वेगळी असू शकते, पण म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

मागे बसणाऱ्याबद्दल एकच आकडा देतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीच्या अपघातांत मेले. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते.

मेसेजमध्ये नसलेली, पण रोज दिसणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हेल्मेट डोक्यावर आहे आणि पट्टा हनुवटीखाली लोंबतोय. कलम १२९ च्या स्पष्टीकरणात हेल्मेटची व्याख्याच अशी आहे की ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असलं पाहिजे. म्हणजे न लावलेला पट्टा हा कायद्याने हेल्मेट न घातल्यातच जमा. आणि आपटताना तसं हेल्मेट डोक्याच्या आधी निघून जातं, हा भाग कायद्याचा नाही, पण महत्त्वाचा तोच. हेल्मेटचं भारतीय मानक आहे आयएस ४१५१, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवता किंवा विकता येत नाही. कानाच्या वर संपणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या टोप्या तरीही फुटपाथवर मिळतात, हा आपला देशी विनोद. हेल्मेटने होतं काय, तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष निघाला : मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी.

‘चाळीसने काय होतंय?’ ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर कोणी आडवं आलं आणि तुम्हाला बोटं ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. त्याच वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडणं. हिशेब शाळेतल्या सूत्राचा आहे, कोणीही करून बघावा. त्यातून स्कूटरची चाकं दहा-बारा इंची. सतरा-अठरा इंची चाक ज्या खड्ड्यावरून दणका देऊन निघून जातं, त्यात लहान चाक आत उतरतं आणि हँडल हातातून ओढलं जातं. ‘छोटी गाडी म्हणून सुरक्षित’ हा तर्क खड्ड्यांच्या बाबतीत नेमका उलटा आहे.

सोळा वर्षांचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. कलम ४ प्रमाणे सोळाव्या वर्षी चालवता येते ती ५० सीसीपर्यंतचीच गाडी. आज घरोघरी असलेल्या स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या. त्या विनागिअरच्या असल्या तरी वय अठराच लागतं. लायसन्सवर ‘विनागिअर’ हा वर्ग असतो हे खरं, पण वर्ग वेगळा आणि वय वेगळं. आई-बापांनी कलम १९९ ए नीट वाचावं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘किल्ली टेबलावर होती, त्यानेच उचलली’ हे कोर्टात कितपत टिकेल, याचा विचार किल्ली टेबलावर ठेवतानाच करावा.

फूटबोर्डवरचं मूल. कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस, आणि तोही चालकाच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर बसलेला. ‘मागे’ आणि ‘बसलेला’ हे दोन्ही शब्द कायद्यात आहेत. ट्रिपल सीटचा दंडही याच कलमावरून. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत भर पडली, ती १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली : मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला मापाचं हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. पुढे उभं राहिलेलं मूल हँडल धरून असतं. करकचून ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडलवर, आणि त्याच्यामागून येतं तुमचं सगळं वजन. यावर कायदा दाखवायची वेळ यावी, हेच जरा विचित्र आहे.

बॅटरीच्या स्कूटरबद्दलचा गोंधळ दोन खऱ्या गोष्टी एकत्र कालवून झाला आहे. एक, मोटर पाव किलोवॅटहून कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेने (पुण्याची एआरएआय त्यांतलीच) तसं प्रमाणित केलं असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. दोन, ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीच्या वाहनांना नोंदणीचं शुल्क माफ झालं. शुल्क माफ झालं, नोंदणी नाही! रस्त्यावर पन्नास-साठने पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर पहिल्या कप्प्यात बसतच नाही. तिची हिरवी पाटी हा नोंदणीचाच पुरावा असतो आणि तिला लायसन्स, विमा, हेल्मेट सगळं लागतं. खरी भानगड मधल्या गाड्यांची. कागदावर पंचवीसची, पण कंट्रोलरची (मोटरचा वेग आवरणाऱ्या भागाची) मर्यादा काढून चाळीस-पंचेचाळीसने धावणारी. मर्यादा काढली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली, तेही बिननोंदणीचं आणि बिनविम्याचं. अशा गाडीने कुणाला उडवलं, तर भरपाई मालकाच्या खिशातून.

पुढच्या ब्रेकची भीती मी अनुभवी चालकांच्या तोंडूनही ऐकतो. होतं असं : ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे पकड पुढच्या चाकाकडे असते आणि थांबवण्याची बहुतेक ताकदही तिथूनच येते. नुसता मागचा दाबला तर हलकं झालेलं चाक जाम होतं आणि गाडी शेपटासारखी फिरते. कोलांटी किंवा घसरगुंडी होते ती पुढचा ब्रेक झटक्याने ओढला तर, किंवा वळणावर, वाळूवर, ओल्या रंगीत पट्ट्यांवर ओढला तर. उपाय म्हणजे गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा हळूहळू वाढवत. स्कूटरला हे जास्तच लागू, कारण मूठ सोडली आणि वेग उतरला की तिचा क्लच आपोआप सुटतो, मग इंजिन गाडीला अडवत नाही आणि उतारावर ती मोकळी घरंगळते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोड-ब्रेक सक्तीचा आहे. डावी मूठ दाबली की थोडा पुढचाही लागतो. तो मदतीला आहे. उजव्या मुठीला सुट्टी द्यायला नाही.

विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, पण तो ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो आणि पहिल्या वाढदिवसाला गुपचूप संपतो. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, त्या बघा. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षणही मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस म्हणजे मागे बसलेला. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग (२००६) हा खटला स्कूटरचाच होता. फुकट मागे बसलेल्याची जोखीम कायद्याने सक्तीच्या किमान पॉलिसीत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. रोज डबलसीट जाणाऱ्यांनी त्याच्यासाठी वेगळं संरक्षण घेतलंय का, ते तपासावं. उलट बाजूची अफवाही खरी नाही, की ट्रिपल सीट असाल तर भरपाईच बुडाली. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात (२०२०) त्याच न्यायालयाने सांगितलं की तिघे बसले होते एवढ्यावरून मृताची चूक ठरत नाही. त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावं लागतं. दंड मात्र व्हायचा तो होतोच.

राहिली कागदपत्रं. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मोबाइलवर दाखवता येतात, हे बरोबर. पण डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधून काढलेली. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो त्यात धरत नाहीत.