'वॉर्निंग आली की पळा केमॅलॉककडे' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरांवरच्या माझ्या लेखाचं म्हणणं एवढंच होतं: फंक्शनची फ्रेम, म्हणजे स्टॅक या मर्यादित मेमरीत ते अडवतं ती जागा, फार मोठी झाल्याची वॉर्निंग कंपायलरने दिली, तर मोठा ॲरे तिथे न ठेवता केमॅलॉक या फंक्शनने वेगळी मेमरी मागा. त्यावर तुम्ही लिहिलंत: "कंपायलरने डोळे वटारले की हे घाबरून केमॅलॉककडे पळतात. कर्नलचा स्टॅक 16 केबींचा असतो, दोन केबींच्या फ्रेमने आभाळ कोसळत नाही." यातले 'हे' म्हणजे मी. लेख माझा आहे, मग माझ्याशी थेट बोलायला काय हरकत होती? मतभेदाला माझी ना नाही. पण दोन ओळींत समोरच्याला अडाणी ठरवून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला लागली.

एक चूक कबूल. स्टॅक 8 केबींचा असतो असं मी सरसकट लिहून गेलो. एक्स86-64 वर, म्हणजे नेहमीच्या 64-बिट पीसी-सर्व्हरवर, तो 2014 पासून, म्हणजे कर्नल 3.15 पासून, 16 केबींचा आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण छोट्या बोर्डांवरच्या 32-बिट एआरएम प्रोसेसरवर तो 8 केबीच असतो, आणि नेटवर्क ड्रायव्हर काय फक्त सर्व्हरवर चालतात? शिवाय तो स्टॅक एकट्या तुमच्या फंक्शनच्या मालकीचा नाही. पॅकेट पाठवताना सिस्टम कॉल, सॉकेट, टीसीपी, आयपी, क्यूडिस्क (पॅकेटांची रांग) अशी एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची उतरंड त्याच स्टॅकवर रचून झाली की मग कुठे ड्रायव्हरच्या ट्रान्समिट फंक्शनची पाळी येते. मध्ये टनेल (एका पॅकेटात दुसरं पॅकेट घालून पाठवणं) असेल तर आयपीचा थर पुन्हा एकदा. उरल्यासुरल्या जागेत तुम्ही दोन केबी मागताय.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका 32-बिट बोर्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे होता. ट्रान्समिट फंक्शनात 600 बाइटचा ॲरे, त्यातून बोलावलेल्या छोट्या फंक्शनात 512 चा. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही मर्यादेत. जीसीसी कंपायलरने दुसरं पहिल्यात इनलाइन केलं, म्हणजे त्याचा कोड पहिल्यातच उतरवला, आणि बिल्डमध्ये ओळ उमटली: फ्रेम 1144 बाइट, मर्यादा 1024. "बघू नंतर" म्हणून मी ती सोडून दिली. पुढे टनेल चालू असताना बोर्ड मधूनच अडकायचा, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. त्या कर्नलमध्ये स्टॅकच्या खालच्या टोकाला थ्रेड-इन्फो (चालू थ्रेडची कर्नलने ठेवलेली नोंद) असायचं आणि स्टॅक पुरेनासा झाला की आम्ही थेट त्याच्यावर लिहीत होतो. हे सापडेपर्यंत पाच दिवस गेले. याला तुम्ही घाबरणं म्हणत असाल तर खुशाल म्हणा.

तुमचे बाकीचे मुद्दे: जीएफपी-ॲटॉमिकने (वाट न बघता लगेच) मागितलेली मेमरी मिळेलच असं नाही, 2100 बाइट मागितले तर स्लॅबमधून (कर्नलच्या ठरावीक मापांच्या मेमरीसाठ्यातून) 4096 चा तुकडा जातो, दर पॅकेटला ॲलोकेशन केलं की वेग घटतो. मेमरी मिळाली नाही तर केमॅलॉक नल (रिकामा पत्ता) देतो; तो तपासा, पॅकेट टाकून द्या, टीसीपी ते पुन्हा पाठवेल. वेगाचं म्हणाल तर मोजमाप तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा बोलण्यासारखं काही उरत नाही.

तुमच्या ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा वाढवून ती वॉर्निंग गप्प केलेली असेल, तर ती 1024 वर आणून एकदा 32-बिटसाठी बिल्ड करा. किती ओळी येतात ते इथेच लिहा. आणि या वेळी 'हे' नको, 'तुम्ही' म्हणा.