झिजलं की बदला, हे मला पटत नाही. आधी मोजा!

नमस्कार दादा,

झिजलेलं इंजिन आधी मोजा आणि मग दुरुस्त करायचं की बदलायचं ते ठरवा, या माझ्या लेखावरची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इंजिन झिजलं की सरळ ब्लॉक (ज्या धातूच्या ठोकळ्यात सिलिंडर असतात तो) नाहीतर अख्खं इंजिनच बदलावं, बोअर-स्लीव्हच्या (सिलिंडरचं भोक कापून मोठं करायचं किंवा आत नवी नळी बसवायची) नादाला लावून मी लोकांचे पैसे पाण्यात घालतोय, बोअर केला की ब्लॉक कमजोर होतो, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीला बोअर करून पिस्टन-रिंगा टाकल्या तरी काही महिन्यांत ती परत ऑईल प्यायला लागली. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण एवढा खर्च करून परत ऑईल जळल्याचा निळा धूर बघायला लागला तर कुणाचंही डोकं फिरेल. पण "झिजलं की बदला" हे मला अजिबात पटत नाही, आणि का ते सांगतो.

झिजलं म्हणजे किती झिजलं? हे तुमच्या कमेंटमध्ये कुठेच नाही, फक्त किलोमीटर आहेत. किलोमीटरवरून ब्लॉकचा काहीच अंदाज येत नाही हो, लांब पल्ल्यावर गरम इंजिनाने चाललेली आणि वेळच्या वेळी ऑईल बदललेली गाडी तेवढ्याच किलोमीटरला आतून चकाचक निघते आणि रोज थंड इंजिन चालू करून दोन गल्ल्या जाऊन बंद केलेली गाडी त्याच्या निम्म्या किलोमीटरलाच घासलेली निघते.

आणि मुळात ब्लॉकच गेलाय हे ठरलं कशावरून? धुरावरून? रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भपकन निळा धूर आला आणि मग बंद झाला तर संशय आधी व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल आत झिरपू न देणारा रबर) जायला पाहिजे, त्यासाठी खालचं इंजिन उघडायची पण गरज नाही. पेट्रोल गाडीला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं) करा, कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडून परत करा, आकडा चढला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरचं भोक), नाही चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग). लीकडाऊन टेस्टर असेल तर अजून बरं, सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा, ऑईलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगांतून गळतंय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा क्रॅक. कित्येकदा नुसत्या ऑईल रिंगा कार्बनने जाम झालेल्या असतात, बोअर ठणठणीत असतो, आणि तोच ब्लॉक भंगारात जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता समजा बोअरच झिजलाय. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर पोचला की क्षणभर थांबतो, तिथे ऑईलची फिल्म टिकत नाही, त्यात जळणाऱ्या गॅसचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, म्हणून वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे झीज सगळ्यात जास्त, आणि त्याच्या वर न घासलेली एक कड शिल्लक राहते जी नखाला लागते. नुसतं नख अडकलं म्हणून ब्लॉक गेला असं म्हणणारे पण आहेत, तसं नसतं, कार्बनची पण कड होते, ती आधी साफ करून बघायची. खरं माप बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यायचं, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) रेषेत आणि तिला आडवं. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हल.

बोअर गेज नसेल तरी टेपर काढता येतो. रिंग पिस्टनवरून काढायची, नुसती बोअरमध्ये टाकायची आणि पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने सरळ ढकलायची म्हणजे ती तिरकी बसत नाही. आधी वरच्या कडेच्या जरा खाली ठेवून फिलर गेजने (जाडी लिहिलेल्या पातळ पट्ट्या) टोकांमधला गॅप घ्यायचा, मग तीच रिंग पार खाली, जिथे रिंगा पोचतच नाहीत तिथे, ढकलून परत घ्यायचा. समजा वर ०.६० मिलिमीटर आला आणि खाली ०.३०, तर फरक ०.३०, त्याला ३.१४ ने भागा, साधारण ०.०९५ मिलिमीटर टेपर निघाला. म्हणजे केसाच्या जाडीएवढा. ओव्हल यातून कळत नाही, पण पुढे काय करायचं त्याची दिशा कळते. मग आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा उघडायची, मर्यादेच्या आत असेल तर होनिंग (दगडाने बोअर हलका घासणं) आणि नव्या रिंगा, बाहेर असेल तर ओव्हरसाईज बोअर, म्हणजे बोअर मोठा करून त्यात मोठा पिस्टन. माझ्या लेखात मी हेच म्हटलं होतं, कसाही करून ब्लॉक वाचवा असं म्हटलं नव्हतं.

बोअर केल्याने ब्लॉक कमजोर होतो म्हणता, तर हिशोब बघा. ०.५० मिलिमीटर ओव्हरसाईज हा व्यासातला फरक आहे, म्हणजे भिंतीतून कुठल्याही एका बाजूला फक्त पाव मिलिमीटर गेला आणि त्यातला काही भाग तर झिजून आधीच गेलेला होता. कास्ट आयर्नच्या ब्लॉकला एवढ्याने काही होत नाही, म्हणून तर ०.२५ आणि ०.५० चे पिस्टन गाडी बनवणारे स्वतःच विकायचे, काही ठिकाणी १.०० पर्यंत. भिंत पाण्याच्या बाजूने गंजून पातळ झालीय अशी शंका असेल तर अल्ट्रासॉनिकने जाडी मोजता येते. शेवटचा साईज पण होऊन गेला असेल तर ड्राय स्लीव्ह (बोअरमध्ये घट्ट बसवायची नळी, तिला पाणी लागत नाही) बसते, आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तर वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी सुटी नळी) असतो, तिथे ब्लॉक बनवतानाच लायनर बदलायची सोय ठेवलेली असते, त्याला जुगाड कसं म्हणणार?

तुमचं बरोबर कुठे आहे तेही सांगतो, कारण नव्या गाड्यांच्या बाबतीत तुमच्या बोलण्यात दम आहे. अॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये आयर्नचा पातळ लायनर ओतलेला असेल तर बोअर करायला फार वाव नसतो, काही इंजिनांना ओव्हरसाईज पिस्टन मिळतच नाही. निकासिलसारखं (निकेलचं कठीण) कोटिंग किंवा स्प्रे करून दिलेला थर तर फारच पातळ, तो खरवडला गेला की साधा होन चालवून उपयोग नाही. अलुसिलमध्ये (भरपूर सिलिकॉन असलेलं अॅल्युमिनियम) सिलिकॉनचे कण उघडे पडतील अशी वेगळी प्रोसेस लागते, ती न करणाऱ्याकडे ब्लॉक दिला तर तो वायाच गेला समजा. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या काही व्ही८ इंजिनांचं निकासिल पेट्रोलमधल्या जास्त सल्फरने खराब व्हायला लागलं तेव्हा कंपनीने पण ब्लॉकच बदलून दिले होते. तसंच मेन बेअरिंगच्या जागेत क्रॅक असेल, रॉड तुटून भिंतीला भोक पडलं असेल, तर मी पण बदलाच म्हणेन. क्रॅक डोळ्याने शोधत बसू नका, आयर्नला मॅग्नेटिक टेस्ट, अॅल्युमिनियमला डाय (भेगेत शिरणारा रंग) टेस्ट, आणि पाण्याच्या जागेला प्रेशर टेस्ट, बोअरला हात लावायच्या आधी हे करून घ्या नाहीतर मशीनिंगचे पैसे क्रॅकच्या ब्लॉकवर जातात.

पण तुम्ही सुचवलेलं "दुसरं इंजिन टाका" हे लोक जितकं सोपं समजतात तितकं नाहीये. वापरलेलं इंजिन म्हणजे दुसऱ्याची झीज विकत घेणं, आणि ती किती आहे ते विकणारा पण सांगू शकत नाही. ते घ्यायचंच असेल तर निदान कॉम्प्रेशन घेऊन आणि ऑईल संप (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उघडून बघून घ्या. आणि इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, गाडीच्या कागदांवर तो असेल तर ती नोंद पण बदलून घ्यावी लागते, हे कुणी आधी सांगत नाही.

आता तुमच्या गाडीचं. बोअर करून परत ऑईल प्यायला लागली म्हणजे बोअरची आयडिया चुकली असं मला वाटत नाही, काम कुठेतरी चुकलंय. होनिंगनंतर बोअर कशाने धुतला होता? बरेच जण डिझेल-पेट्रोलने पुसतात, त्याने चिकटपणा जातो पण दगडाची भुकटी खाचांमध्ये तशीच राहते आणि नव्या रिंगा ती पॉलिश पेपरसारखी खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासायचं, पांढरं फडकं फिरवलं की पांढरंच बाहेर आलं पाहिजे, आणि लगेच ऑईल लावायचं नाहीतर गंज धरतो. दुसरं, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर केला होता की सरसकट एकच साईज मारला? तिसरं आणि माझा सगळ्यात जास्त संशय यावर, पहिल्यांदा इंजिन झिजलं कशाने ते कुणी शोधलं होतं का? एअर फिल्टरच्या पुढचा पाईप फाटलेला असेल, फिल्टरचं झाकण नीट बसत नसेल, तर धूळ सरळ आत जाते आणि बोअरचा वरचा भाग आणि वरच्या रिंगा बघता बघता खाते. इंजेक्टर गळत असेल तर पेट्रोल भिंतीवरचं ऑईल धुऊन टाकतं. अशा गाडीत पेटीतून काढलेला नवा कोरा ब्लॉक टाकला असता तरी तो पण असाच गेला असता, आणि मग तुम्ही नव्या ब्लॉकला नावं ठेवली असती.

म्हणून तुमचा ब्लॉक अजून गॅरेजमध्ये पडून असेल तर प्लीज भंगारात देऊ नका. प्रत्येक सिलिंडरचे रिंग गॅप वरचे आणि खालचे लिहून टाका, एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा पाईप आतून बोट फिरवून धूळ लागते का बघा, आणि गाडीचं मॉडेल आणि ब्लॉक आयर्नचा की अॅल्युमिनियमचा ते सांगा. आकडे बघून बदलायचाच निघाला तर मी स्वतः तसं लिहीन.