एक तालंतवाला दास बुडाला नव्हता: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'तिसऱ्या दासाने तालंत व्यापारात घालवला म्हणून त्याला शिक्षा झाली, तेव्हा नवे प्रयोग नकोत. गाणं आणि उपदेश एवढीच खरी दानं.'

दोन्ही विधानं चूक. बायबलमधला येशूचा दाखला, मत्तय २५:१४-३०, वाचा. परगावी जाणारा धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालंत (त्या काळचं पैशाचं मोठं माप) सोपवतो. तिसऱ्या दासाने एक पैसाही गमावला नाही. पुरलेला तालंत त्याने जसाच्या तसा परत केला. कारण दिलं 'मी भ्यालो'. आणि एक तालंत म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे, मजुराची जवळपास २० वर्षांची कमाई! पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांना शाबासकी मात्र सारखीच.

दानांचं, म्हणजे देवाने दिलेल्या गुणांचं म्हणाल तर निर्गम ३५:३०-३५ मध्ये देवाच्या आत्म्याने भरलेला बसालेल कारागीर आहे. त्याच्या आणि त्याचा सोबती अहलियाब याच्या कामांत विणकामही येतं. विणकरांच्या गावाला हे वेगळं सांगावं लागू नये.

विणणाऱ्या-शिवणाऱ्यांनी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) मेजाचं कापड जरूर करावं. मेज ५ बाय अडीच फूट, चारी बाजूंनी ९ इंच लोंबतं आणि १ इंच दुमड धरली तर कापड ६ फूट ८ इंच बाय ४ फूट २ इंच लागतं. ४८ इंची पन्हा इथे २ इंचांनी कमी पडतो. जोड द्यावाच लागला तर कडेला, मधोमध नको. सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून दुमड चुरगळते. लाल काठ ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा; रंग सुटला तर तो काठ लावू नका.