हॉवरबोर्डला सोळाची अट, ई-बाईकला काहीच नाही!

"मुलाला हॉवरबोर्ड घेतला तर चालतो का हो?" थँक्सगिव्हिंगचे सेल जवळ आले की कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या आमच्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न हमखास पडतो. (हॉवरबोर्ड म्हणजे दोन चाकांमधल्या फळीवर उभं राहून चालवायचं, हँडल नसलेलं विजेवरचं वाहन.) मग एक म्हणतो बंदी आहे, दुसरी म्हणते आमचा तर रोज चालवतो, तिसरा पोलिसांनी कुणाला तरी अडवल्याचा किस्सा सांगतो. या वेळी मी कॅलिफोर्नियाचा व्हेइकल कोड, म्हणजे वाहन कायदाच उघडून बसलो. माझं मत स्पष्ट सांगतो. या कायद्याने वस्तूचा वेग आणि वजन बघायला हवं होतं, तो बघतो आकार. सगळा घोळ तिथे आहे.

मोटर लावलेल्या स्केटबोर्डला कॅलिफोर्नियात 1977 पासून बंदी होती. तेव्हा ते पेट्रोलवर चालायचे, धूर आणि कानठळ्या दोन्ही फुकट. विजेवरचे बोर्ड आले (हॉवरबोर्डही त्यातच धरला जातो) तसा 2015 मध्ये एबी 604 हा राज्याचा कायदा मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2016 पासून ते कायदेशीर झाले. अटी अशा : चालवणारा 16 वर्षांचा हवा, हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं (आजोबा चालवणार असतील तर त्यांनाही), वेग ताशी 15 मैलांपर्यंत, रस्ता ताशी 35 मैलांपर्यंतच्या वेगमर्यादेचा किंवा बाईक लेन असलेला, आणि रात्री दिवा-रिफ्लेक्टर. दारू पिऊन चालवलात तर 250 डॉलरपर्यंत दंड. शिवाय शहरांना वरून आपले नियम लावायची मोकळीक आहेच.

वाचायला ठीक वाटतं. आता शेजारचं पान उलटा.

ई-स्कूटर, म्हणजे हँडल असलेली, उभं राहून चालवायची. तिला ड्रायव्हिंग लायसन्स किंवा लर्नर्स परमिट लागतं, पण 2019 पासून अठराच्या पुढच्यांना हेल्मेटची सक्ती नाही. हॉवरबोर्डला लायसन्स नको, हेल्मेट मात्र साठीतही हवं. आणि ई-बाईक? थ्रॉटलवाली क्लास 2 ई-बाईक पॅडल न मारता ताशी 20 मैल पळते, त्यावर बसणारं पोर धरून वजन सहज ऐंशी किलोच्या घरात जातं, आणि राज्याच्या कायद्यात तिला वयाची अटच नाही. अठराच्या आतल्यांनी हेल्मेट घातलं की झालं. 2024 मध्ये मरिन काउंटीला सोळाखालच्यांना क्लास 2 वर मनाई करायची मुभा देणारा वेगळा कायदा करावा लागला, तोही फक्त त्या काउंटीपुरता. म्हणजे बारा वर्षांचा मुलगा 32 किलोमीटरच्या वेगाने शाळेत गेला तर राज्याला चालतं, आणि तोच मुलगा कॉर्नरपर्यंत हॉवरबोर्डवर डुगडुगत गेला तर गुन्हा. कोणी मला यातलं तर्कशास्त्र समजावून सांगेल का?

खरी गंमत पुढे आहे. एबी 604 मधल्या व्याख्येत पाय ठेवायचा फलक 60 इंच खोल (म्हणजे पुढून मागे) आणि 18 इंच रुंद, याहून मोठा नको. हे माप लांब स्केटबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय हे शेंबडं पोरही सांगेल. मी टेप काढून घरातला हॉवरबोर्ड मोजला. आडवा 23 इंच भरला, म्हणजे त्या 18 मध्ये बसतच नाही. मग सेगवेची, म्हणजे हँडल धरून उभं राहून चालवायच्या त्या दोनचाकी यंत्राची, जुनी व्याख्या काढली : स्वतः तोल सांभाळणारं, दोन चाकं शेजारी-शेजारी, 20 इंच खोल, 25 इंच रुंद, जागच्या जागी वळणारं, 750 वॅटच्या आत, ताशी साडेबारा मैलांपर्यंत. अहो, हा तर हुबेहूब आमचा हॉवरबोर्ड! आणि सेगवेला सोळा वर्षांची अट नाही. ती 2001 साली आली तेव्हा राज्याराज्यांनी तिच्यासाठी धडाधड कायदे केले, कारण पोस्टमन, पोलीस, ऑफिसला जाणारे सगळे तिच्यावरूनच फिरणार असं वाटत होतं. 2020 मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. कायद्यातली जागा शिल्लक आहे. (ग्रुपवर वकील मंडळी आहेत, त्यांनी या वाचनावर जरूर तुटून पडावं.)

ब्रिटनमध्ये तर फुटपाथवर हॉवरबोर्ड चालवणं 1835 च्या हायवे ॲक्टखाली बेकायदा ठरतं. घोडागाड्यांच्या काळातला कायदा. पण निदान तिथे उत्तर एकच आहे, खाजगी जागेत चालवा, बाहेर नाही. आपल्याकडे भारतातही मोटार वाहन नियमांत मोजमाप सरळ आहे : मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दिलं की ते 'मोटार वाहन' धरत नाहीत. त्या नियमाच्या नावावर रस्त्यावर काय काय धावतं ते पुणेकरांना विचारा. पण मोजायचं काय हे तरी बरोबर धरलंय.

आणि हॉवरबोर्डचा खरा धोका, बॅटरी पेटण्याचा, तो या वाहतूक कायद्यांनी कमी केलाच नाही. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेतल्या बड्या विमान कंपन्यांनी ते सामानात घेणं बंद केलं. जुलै 2016 मध्ये पाच लाखांवर बोर्ड परत मागवले गेले. त्यानंतर दुकानदार यूएल 2272 चा, म्हणजे बॅटरी-वायरिंगच्या सुरक्षा चाचणीचा शिक्का मागू लागले. हे काम वॉरंटीच्या कागदाएवढं कंटाळवाणं आहे, पण पोरांच्या खोल्यांमध्ये चार्जिंगला लावलेल्या वस्तू त्यामुळेच बऱ्याच सुरक्षित झाल्या. म्हणून भारतात भाच्याला न्यायचा विचार करणाऱ्यांनो, विमानतळावर तमाशा होईल, नका नेऊ. आणि सेकंडहँड घेताना तो शिक्का नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

माझं मागणं एवढंच आहे की ही सगळी वेगवेगळी पानं फाडून एकच तक्ता करा. ताशी दहा मैलांच्या आत आणि हलकं असेल तर मुलांना हेल्मेट घालून फुटपाथवर चालू द्या. वीस मैल पळणारं असेल तर त्याला दोन चाकं असोत की एक, पॅडल असो वा नसो, सोळा वर्षांची अट लावा. ई-बाईक विकणाऱ्यांना हे आवडणार नाही. शाळा सुटताना गेटसमोर उभं राहून पाहिलेल्या एकाही आईबापाला मात्र पटवून द्यावं लागणार नाही.

आमच्या भागाच्या असेंब्ली सदस्याला मी ईमेल पाठवली आहे. मसुदा हवा असेल तर खाली 'पाठवा' लिहा, इनबॉक्समध्ये देतो. आणि "आमच्या लहानपणी आम्ही डबलसीट सायकलवर..." ही कॉमेंट येणार हे माहीत आहे, तेव्हा ती सोडून बाकीचं बोला.