इंजिनिअरिंग सोडायचंय? मग गणित आधी सोडा

क्षेत्र बदलायचं नक्की झालंय ना? मग एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा: हिशेब करायचा नाही. रबाळ्याच्या कारखान्यात साधा फाउंडेशन बोल्ट बदलायचा तरी तुम्ही ड्रॉइंग मागवता, ग्रेड बघता, टॉर्क किती लावायचा ते विचारता आणि वर सेफ्टी फॅक्टर धरता. स्वतःच्या पुढच्या तीस वर्षांसाठी एवढी कटकट कशाला? तिथे घणसोली ते ऐरोली प्रवासात बघितलेली एक रील पुरते.

राजीनाम्याचा मुहूर्त रागाच्या भरातच काढावा. अप्रेझलचं पत्र मिळालं की त्याच संध्याकाळी. नोकरीला चार वर्षं तीन महिने झाले असतील तर फारच छान. नव्वद दिवसांची नोटीस धरली तरी शेवटचा दिवस साडेचार वर्षांवर पडतो आणि ग्रॅच्युइटी बरोबर हुकते, कारण सेवेबद्दलची ही एकरकमी रक्कम कायम नोकरीत पाच वर्षांनी मिळते. मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षातले २४० दिवसही ग्राह्य धरलेत, तेव्हा तेवढेही भरणार नाहीत याची काळजी घ्या. रकमेचं सूत्र असं: शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. बेसिक तीस हजार असेल तर पाच वर्षांचे ८६,५३८ रुपये होतात. पण तोंडावर राजीनामा फेकायचं समाधान पैशात मोजायचं नसतं.

पीएफ जमेल तितक्या लवकर काढून टाका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून नव्या खात्यात वर्ग केला तर जुनी सेवा पुढे धरली जाते आणि सलग पाच वर्षं भरली की काढलेल्या रकमेवर कर लागत नाही. हे असलं संथ काम तुमच्यासाठी नाही. आधीच काढा, पन्नास हजारांच्या वर असेल तर टीडीएस कापू द्या आणि उरलेल्यातून कोर्सची फी भरा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली की नाही, तेही बघू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर आपली आपण भरता येते, पण मग नव्या कंपनीच्या पडताळणीत ‘एकाच वेळी दोन नोकऱ्या’ दिसण्याची गंमत निघून जाते.

आईवडिलांचा मेडिक्लेमही कंपनीच्याच ग्रुप पॉलिसीत असेल. तिचं संरक्षण सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. त्याआधीच अर्ज केला तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. नंतर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वडिलांची शुगर समजूतदार आहे, थांबेल.

घराचं कर्ज मात्र राजीनाम्याच्या आधीच्या महिन्यात घ्या, घोडबंदर रोडला, ताबा दोन वर्षांनी मिळणारं. पन्नास लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज, म्हणजे महिना ४३,३९१ रुपये. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवायची सूचना बायको करील. तिला व्हिजन नाही म्हणून सांगा.

आता मुख्य विषय, डेटा सायन्स. मेकॅनिकलचा माणूस हल्ली जातो तो तिकडेच. कोर्स निवडताना फक्त जाहिरात वाचा, करारनामा वाचू नका. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. तिसऱ्या महिन्यात क्लास सोडलात तरी हप्ता तुम्हाला सोडत नाही. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’मध्ये नोकरीची हमी कुठल्या कलमात आहे ते शोधत बसू नका, सापडणार नाही.

अभ्यासाचा क्रमही उलटा ठेवा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, कंटाळवाणं असतं, ते टाळा. दोन टेबलं जोडली की ओळी दुप्पट का होतात, हा प्रश्न मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत येतो, पण तोवर तुम्ही न्यूरल नेटवर्कपर्यंत पोचलेले असाल. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावता येत नसलं तरी बिघडत नाही. बायोडेटात ‘एआय’ किती वेळा येतं ते मोजा. मोजायचं एवढंच.

प्रोजेक्ट टायटॅनिकचाच करा, म्हणजे त्या जहाजावरचा कोणता प्रवासी वाचला ते मॉडेलने ओळखायचं. सगळे करतात, म्हणजे चांगलाच असणार. त्या फाइलमध्ये ८९१ प्रवासी आहेत, त्यांतल्या १७७ जणांचं वय नोंदलेलं नाही. तिथे सरळ सरासरी वय भरून मोकळे व्हा. मग मॉडेल चालवा आणि ‘अचूकता ८० टक्के’ हे ठळक अक्षरांत लिहा. कोणी खवट परीक्षक विचारील की ८० टक्के कशाच्या तुलनेत? डोळे मिटून ‘सगळे बुडाले’ म्हटलं तरी ६२ टक्के उत्तरं बरोबर येतात. ‘बायका वाचल्या, पुरुष बुडाले’ एवढा एकच नियम लावला तर आकडा ७९ च्या आसपास जातो. म्हणजे सहा महिन्यांच्या कोर्सची कमाई एक टक्का. हे उत्तर तुम्हाला ठाऊक नसलेलंच बरं, चेहरा निरागस राहतो.

आणि काही झालं तरी ज्या प्लांटमध्ये इतकी वर्षं घालवली तिथल्या डेटाकडे ढुंकून बघू नका. कूलिंग वॉटरच्या पंपाचं बेअरिंग बहुतेक वेळा एकाएकी जात नाही, आधी कित्येक दिवस त्याचं कंपन मिलिमीटर प्रतिसेकंदात वाढत असतं. ते रीडिंग कुठेतरी साठलेलं असतं. शेजारी मेंटेनन्सचं रजिस्टर असतं, त्यात तिसऱ्या पाळीच्या फिटरने लिहिलेलं असतं, ‘पंप नं. २ बेअरिंग गरम, ग्रीस मारलं, आवाज चालू’. ही दोन्ही जुळवायची म्हणजे सेन्सरचं घड्याळ रजिस्टरच्या वेळेपेक्षा किती मागे आहे ते शोधावं लागतं, पंप बंद असतानाची रीडिंग गाळावी लागतात, शटडाउननंतर कपलिंगचं अलाइनमेंट बदललं असेल तर तिथून नवी सुरुवात धरावी लागते. वर्षात बेअरिंग गेली तीनच, त्यामुळे ‘काहीच होणार नाही’ म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के बरोबर ठरतं, हा घोळ वेगळाच. कंपनीची लेखी परवानगी लागते ती निराळी. ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या नुसत्या कोडिंगवाल्या पोराला यातलं काही सुचणार नाही, तुम्हाला सुचेल. नेमकं म्हणूनच टाळा. इतक्या वर्षांचा अनुभव शून्य धरायला लावून फ्रेशरच्या पगारावर रुजू होण्यात जो साधेपणा आहे तो मग कसा साधणार?

एमपीएससीचा विचार मनात आला तर खुल्या वर्गाला वयाची अट ३८ वर्षांची आहे, सदतिसाव्या वर्षी निवांत सुरुवात करा.

संगणक नकोसा झाला असेल तर निसर्गाकडे वळा, म्हणजे सोसायटीच्या गच्चीवर हायड्रोपोनिक्स, मातीविना पाण्यावरची शेती. पीव्हीसी पाइपांना भोकं पाडा, नेट पॉट, म्हणजे जाळीच्या कुंड्या, बसवा, खाली हजार लिटरची टाकी ठेवा. म्हणजे एक टन पाणी, जेमतेम एका चौरस मीटरवर. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो धरलेत. हे तुम्ही शिकलेले आहात, पण आता क्षेत्र बदललंय, तेव्हा टाकी कॉलमच्या डोक्यावर न ठेवता बरोबर स्लॅबच्या मधोमध ठेवा. लागवड लेट्यूसची करा, आणि मार्चअखेर. पीएच साडेपाच ते साडेसहा सांभाळाल, पण पाण्याचं तापमान कोण बघतो? वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात, वरची पानं कडू होऊन दांडा काढतात. पंपाला इन्व्हर्टर जोडू नका. पाइपात पाण्याचा पातळ पापुद्राच वाहत असतो, दुपारी वीज गेली की काही तासांत मुळं वाळतात आणि रोज मीटर घेऊन वर चढायचा त्रासही संपतो. वाचलेला माल भल्या पहाटे वाशीच्या मार्केटात न्या. तिथे नाशिक-पुण्याकडून गाड्या भरून भाजी येते, तुमच्या चार किलोंची पिशवी बघून अडत्याचीही करमणूक होईल.

गच्ची कमी पडू लागली की मुरबाड-शहापूरकडे जमीन बघा. एजंट सातबारा मोबाइलवर दाखवील, तेवढा पुरे. इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय ते झूम करून वाचायचं नाही, माणसावर विश्वास ठेवायचा. घरात पिढीजात शेती नसेल आणि शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पण ते नंतर वाचता येईल. आधी इसार द्या, रोख आणि पावतीशिवाय. कायदा १९४८ सालापासून तिथेच आहे, एजंट मात्र रविवारनंतर भेटणार नाही.