टोपडं

"टोपडं नाही घातलं का गं तुला तुझ्या बाबानं?"

प्रश्न मला नव्हता. माझ्या कडेवरच्या सात महिन्यांच्या मुलीला होता. परवाची गोष्ट, पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

बायको ऑफिसच्या कामासाठी चार दिवस बंगळूरला. आईचा गुडघा सुजलेला, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी एकटा. एवढं पुरे.

कोथरूडमधली बाग, सकाळचे साडेआठ. खरं तर साडेसहालाच जायचं होतं, पण कोकीळ आडवा आला. रात्रभर रडून पोरगी पहाटे पावणेपाचला डोळा लावते न लावते तोच खिडकीबाहेरच्या आंब्यावर याचं सुरू. वसंताचा दूत वगैरे शाळेच्या निबंधात ठीक होतं. गातो तो नर. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते, हा फांदीवर बसून रियाज करतो आणि पोरं कावळे वाढवतात. हल्ली माझी सगळी सहानुभूती कावळ्यांना आहे.

तर आजी. पातळाखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज, हातात जपमाळ, बाक अख्खा त्यांचा.

मी म्हटलं, "आजी, उकडतंय हो. दुपारी पारा सदतीसला जातोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सांग बाबाला, चैत्रातलं सकाळचं वारं बाधतं म्हणावं."

मग मीही पोरीलाच म्हटलं, "सांग आजींना, डॉक्टर नको म्हणालेत."

"विचार बाबाला, रात्री कान दुखला की डॉक्टर येणारेत का मांडीवर घ्यायला?"

पोरगी माझ्या शर्टाचं बटण चघळत होती. निरोप पोचवण्यात तिला रस दिसेना.

"टाळू भरतो का गं बाबा? गुटी उगाळतो? आणि आई कुठाय तुझी?"

"ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेलीय."

जपमाळ थांबली. आजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "येणारे ना परत?"

मी 'हो' म्हणेपर्यंत पोरगी त्यांच्या मांडीवर होती. तीन दिवस माझ्या खांद्यावर भोकाड पसरणारी कार्टी तिथे दोन दात दाखवून हसत होती. फितूर. "आण तो रुमाल," म्हणत आजींनी माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, चार कोपऱ्यांना चार गाठी मारल्या आणि बसवला तिच्या डोक्यावर. त्याच रुमालानं पाचच मिनिटांपूर्वी मी नाचणीच्या सत्त्वाची ओकारी पुसली होती. सांगायला तोंड उघडलं, पण आजी इतक्या खूश होत्या की पुन्हा मिटलं.

तेवढ्यात त्यांची मैत्रीण फेरी मारत आली. आजी तिला म्हणाल्या, "बघितलंत? बायकोला मदत करतो हो. गुणी आहे!"

मदत! पोरगी निम्मी माझी आणि मी मदत करतो. बायको हेच रोज करते, तेव्हा तिला गुणी म्हणायला कुठल्याच बाकावर कुणी बसलेलं नसतं. तिला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा तरी मिळाली. त्या कायद्यात बापासाठी रजेचा एक दिवसही नाही. माझे हे चार दिवस माझ्याच हक्काच्या रजेतून गेले, तेही "घरात बायका कुणी नाहीत का?" हे साहेबांचं ऐकून घेऊन. मॉलमध्ये गेलो तर डायपर बदलायची फळी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात. मी पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर, एका हातात दोन पाय धरून घाम गाळतो. बापानं करायचं नाही हे आधीच ठरवून ठेवायचं आणि केलं की हार घालायचा. तो हारही नको, फळी द्या.

हे सगळं आजींना सुनवायचं मनात होतं. प्रत्यक्षात म्हणालो, "हॅ हॅ, थँक्यू आजी."

बाग बंद व्हायची शिट्टी झाली. पोरगी माझ्याकडे आली आणि तिनं लगेच सूर लावला. आजी उठल्या, तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला, बोटांचा वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि तिलाच म्हणाल्या, "बाबाला सांग, रोज आंघोळ घालत जा म्हणावं."

आज सकाळी मागच्या फाटकानं गेलो. टोपडं खिशात होतं.