वरचं बी वाच की, लेकरा

आज डोकं तापलेलं आहे, तेव्हा लांब लिहिणार. ज्यांना खाली 'आमेन' टाकून पुढं सरकायचंय त्यांनी खुशाल सरकावं.

जालना जिल्ह्यातलं एक गाव. नाव कशाला हवंय, आपली अर्धी गावं तशीच आहेत. मयताच्या घरी प्रार्थना होती. तिशीतला माणूस, छातीत कळ आली आणि तालुक्याला नेईपर्यंत संपला. मागं बायको, दोन लेकरं आणि तीन एकर कापूस. ओसरीवर सतरंजी, बायका आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी. शहरातून आलेल्या तरुण प्रचारकानं खिशातून मोबाईल काढला, यिर्मया २९:११ लावलं आणि वाचलं, "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." मग त्या बाईकडं बघून म्हणाला, "ताई, रडू नका. रडणं म्हणजे अविश्वास. देवाची योजना तयार आहे, हेच वर्ष तुमचं फिरणार."

उंबऱ्यावर एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं बायबल, तेही न उघडलेलं. त्या म्हणाल्या, "वरचं बी वाच की, लेकरा."

"कोणतं वरचं, आजी?"

"आरं, दहावं. सत्तर वर्सं लिव्हलंय तिथं."

पोरगा मोबाईलवर बोट फिरवत राहिला. त्याच्याकडं अध्याय नव्हताच. मावळत्या सूर्याचं चित्र आणि त्यावर छापलेलं एकच वचन, तेवढंच होतं.

मला राग त्या पोराचा जेवढा आला त्याहून जास्त आपला आला. त्याला हे आपणच शिकवलं. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत 'वर्षाचं वचन' आपणच वाटतो. प्लास्टिकची वचनपेटी, तिच्यात कागदाच्या सुरनळ्या, चिमट्यानं एक उचलायची आणि आज देव मला हे बोलला म्हणायचं. त्या पेटीत 'तुमची हाडं कबरेतून काढून उन्हात पसरतील' असली चिठ्ठी कधी कुणाला लागली का? लागणार नाही, कारण कुणी घातलीच नाही. पेटी भरणाऱ्यानं आधीच गोड तेवढं निवडलेलं असतं. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या पॅडवर फिलिप्पैकरांस ४:१३ चिकटवतो, 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे'. त्याच्या वरच्या ओळीत प्रेषित पौल भुकेलं राहायला आपण शिकलो असं म्हणतो, आणि ते पत्र तो बेड्यांत असताना लिहितोय. ते पॅडवर मावत नाही.

आता तो एकोणतिसावा अध्याय उघडा. मोबाईलवर नको, कागदावर. हे पत्र आहे. संदेष्टा यिर्मया यरुशलेमेत आहे आणि बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहितोय. इ.स.पू. ५९७ मध्ये राजा यखन्या, त्याची आई, सुतार-लोहार, सगळे उचलून नेले, त्यांना. पाचवं वचन म्हणतं घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. सहावं म्हणतं लग्नं करा, लेकरं होऊ द्या. सातवं तर ज्यांनी तुम्हाला धरून आणलं त्या नगराचं भलं मागा म्हणतं. दहाव्यात सत्तर वर्षं. आणि मग अकरावं येतं. हिशेब करा, पंचविशीत गेलेला माणूस परत यायच्या वेळी पंचाण्णव वर्षांचा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथंच पुरले जाणार होते, आणि 'संकल्प हिताचे आहेत' हे त्यांनाच सांगितलंय.

त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय आमच्या प्रचारकांनी भिंतीवर लावावा. यिर्मयाच्या मानेवर लाकडाचं जू आहे. जू म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला समजवावं लागत नाही. हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर ते जू काढून मोडतो आणि सांगतो, दोन वर्षांत सगळे परत. लोकांना गोड वाटलं असणारच. हे पाचव्या महिन्यातलं, आणि सातव्या महिन्यात हनन्या मेला. देवाच्या नावानं स्वस्तातली तारीख देणाऱ्याचं काय होतं ते तिथं लिहिलेलं आहे. "हेच वर्ष तुमचं फिरणार" म्हणणाऱ्या पोरानं नकळत हनन्याचं भाषण यिर्मयाच्या वचनावर चिकटवलं.

आणखी एक. अकराव्या वचनातलं 'तुमच्याविषयी' हे हिब्रूत अनेकवचन आहे, अख्ख्या मंडळीला उद्देशून. आपल्या मराठीत 'तुम्ही' एकट्या माणसालाही मान देऊन म्हणतात, म्हणून वाचणाऱ्याला ते सरळ 'माझ्यासाठी' वाटतं. भाषेची गंमत आहे, पण तिच्यापायी एका विधवेला खोटी तारीख मिळाली.

वचनांचे आकडेही काही आकाशातून पडलेले नाहीत. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँगटन या इंग्रज धर्मगुरूनं पाडले असं मानतात. नव्या करारातल्या वचनांचे आताचे क्रमांक १५५१ साली रॉबर्ट एस्तिएन या छापखानेवाल्यानं घातले. शोधायला सोय व्हावी म्हणून. आपण त्या सोयीची सुरी केली आणि पत्रं कापून तुकडे वाटायला लागलो. पंडिता रमाबाई केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना वाचता यावं म्हणून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, १९२४ ला ते छापून आलं. अख्खं. सकाळी सहाला फॉरवर्ड करायची एक ओळ नव्हे.

त्या आजींकडं वळतो. प्रार्थना संपल्यावर त्यांना विचारलं, इतकं पाठ कसं? त्यांची रीत साधी आहे. लहानपणी बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायबल शिकवणाऱ्या बाया, शिकवायच्या तीच. सोमवारी एक अध्याय धरायचा आणि शनिवारपर्यंत रोज तोच, मोठ्यानं, पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत. सहा वेळा. रविवारी उपासना. पुढच्या सोमवारी पुढचा अध्याय, मध्ये उड्या नाहीत. बायबलचे अध्याय ११८९. या गतीनं एकदा संपायला बावीस-तेवीस वर्षं लागतात. 'वर्षात बायबल' करणारे रोज तीन-चार अध्याय ओढतात आणि लेवीय या तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकात बैल बसतो तसे बसतात. दरवर्षी तिथंच. मग जानेवारीत पुन्हा पहिलं पुस्तक, उत्पत्ती. आपल्या मंडळ्यांना उत्पत्ती फार छान येते, त्याचं कारण हे.

नव्यानं बसणाऱ्यानं योहानाचं पहिलं पत्र घ्यावं. पाच अध्याय, १०५ वचनं, मोठ्यानं वाचायला वीसेक मिनिटं. पहिले तीन दिवस नुसतं वाचायचं, हातात पेन घ्यायचं नाही. पेन घेतलं की माणूस लगेच आवडलेल्या ओळीखाली रेघ मारतो आणि बाकीचं त्याला दिसेनासं होतं. जाड अक्षरातले मथळे छापणाऱ्यांचे असतात, त्यांवर कागदाची पट्टी ठेवा, नाहीतर मथळा वाचून आत काय आहे ते आधीच ठरतं. चौथ्या दिवशी दोनशे पानी वहीत एक अध्याय हातानं उतरवायचा, एक ओळ सोडून एक. उतरवताना हात थांबतो तिथं काहीतरी असतं. मोकळ्या ओळीत कोण कुणाशी बोलतंय ते लिहा. परत परत येणाऱ्या शब्दाला गोल करा. चौथ्या अध्यायात 'प्रीती' मोजा, बोटं पुरणार नाहीत. 'कारण', 'म्हणून', 'परंतु' यांना चौकोन करा. वचन कापणाऱ्याच्या हातून आधी हेच शब्द सुटतात, आणि अर्थाचा सांधा त्यांच्यातच असतो. बायबलचा कागद पातळ, त्यात जेल पेन आणि हायलायटर पलीकडं उतरतो, म्हणून पुस्तकात फक्त पेन्सिल. मग दुसरं भाषांतर शेजारी ठेवायचं. दोन्हीत शब्द वेगळा निघाला की तिथं प्रश्नचिन्ह, घाई नाही. टीकाग्रंथ (अर्थ उलगडणारी पुस्तकं) आणि यूट्यूबवरचे संदेश सगळ्यात शेवटी. आधी ऐकलं तर तुम्ही बायबल वाचत नाही, त्या माणसाला वाचता.

हे सगळं केल्यावर कळतं की 'देव प्रीती आहे' या चौथ्या अध्यायातल्या ओळीला खाली-वर आधार आहे. वरती 'एकमेकांवर प्रीती करू', आणि खाली विसाव्यात, डोळ्यांसमोरच्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर करता येत नाही. भिंतीवरच्या तसबिरीत मधलीच ओळ असते. देवाची प्रीती मला हवी, भावाचा बांध मात्र मी कोरणार. बसा आमेन म्हणत.

बरं, पोराची बाजू एका ओळीत. एकटं वचनही कधी कधी माणसाला दोरासारखं लागतं, हे नाकारत नाही. आणि प्रार्थना झाल्यावर चपला न घालता विहिरीवरून चार घागरी त्यानंच आणल्या, ते मी पाहिलंय. मन वाईट नाही त्याचं. पण "रडणं म्हणजे अविश्वास"? योहान ११ कुणी वाचून दाखवलाच नाही त्याला?

पाचवं वचन म्हणतं येशूचं मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर प्रेम होतं. लगेच सहाव्यात, लाजर आजारी आहे हे ऐकून तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. मूळ ग्रीकमध्ये त्या वाक्यात 'म्हणून' आहे. प्रेम होतं म्हणून थांबला. हा 'म्हणून' माझ्या घशाखाली सहज उतरत नाही, आणि उतरला असं जो सांगतो त्याच्यावर माझा भरवसा नाही. येशू पोचतो तेव्हा कबरेत चार दिवस झालेले. मार्था तोंडावर सांगते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला अविश्वासी म्हणत नाही. तिची बहीण मरीया तेच वाक्य म्हणते, आणि पस्तिसाव्यात येशू रडतो. लाजराला मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असून रडतो. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस सात रात्री तोंड न उघडता जमिनीवर बसले. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

राग उतरलाय थोडा. उतरायचं कारण पुन्हा त्या आजीच.

त्या घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारून पिठलं-भाकरी आली होती. कडू घासाला ती बाई हात लावेना. आजी सरकत तिच्याजवळ गेल्या. वचन वगैरे काही नाही. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि म्हणाल्या, "खाय माय. नामी बी म्हणली व्हती, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा."

मारा म्हणजे कडू. रूथ १:२०. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात गेलेली बाई, नवरा आणि दोन पोरं पुरून रिकाम्या हातानं परत आलीय, आणि गावच्या बायकांना सांगते, सर्वसमर्थानं माझं फार कडू केलंय. त्या अख्ख्या पुस्तकात तिला कुणी दटावत नाही. देवही नाही. पुढच्या अध्यायात एवढंच होतं की तिची परकी सून रूथ सातूच्या शेतात सरवा वेचायला जाते.

सरवा. हा शब्द शहरातल्या पोरांना सांगावा लागतो, आजींना नाही. कापणीनंतर मागं पडलेली कणसं गरिबांनी वेचायची. लेवीय १९ मध्ये नियमच आहे, शेताच्या कडा साफ कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं. (हाच तो लेवीय, जिथं आपली गाडी बसते.) त्या शेताचा मालक बवाज नियमाच्या पुढं जातो, गड्यांना सांगतो की पेंढ्यांतलं मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाका. संध्याकाळी झोडपून एफाभर सातू निघतं, साधारण २२ लिटर, तेलाच्या दीड डब्याइतकं. सरवा वेचून एका दिवसात एवढं निघत नसतं. नामी ते बघते आणि गावी परतल्यावर पहिल्यांदा तिच्या तोंडून देवाच्या दयेचं नाव निघतं. तिथं हिब्रू शब्द आहे 'हेसेद'. मराठीत त्याला दया म्हणतात, वात्सल्य म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडचं 'सोयरीक निभावणं' जास्त जवळचं. स्तोत्र १३६ मध्ये तोच शब्द सव्वीस वचनांत सव्वीस वेळा येतो, 'त्याची दया सनातन आहे', आणि शेवटाकडं ती दया करते काय, तर सर्व प्राण्यांना अन्न देते.

आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होत्या, सुकडी खाल्लेल्या. सत्तर वर्षं म्हणजे किती, हे त्यांना अध्यायातून कळलेलं नाही.

त्या बाईनं दोन घास खाल्ले. मग रडली, मोठ्यानं, आणि या वेळी कुणी थांबवलं नाही. प्रचारक पोरगा दाराशी रिकामी घागर धरून उभा होता. निघताना तो आजींजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुमचं बायबल बघू का जरा?" त्यांनी फडकं सोडून दिलं. यिर्मयाची पानं कडेनं काळी पडलेली. तो उभ्यानंच पहिल्या वचनापासून वाचायला लागला आणि आजी म्हणाल्या, "बस की खाली. लांब हाय त्यो."

गुरुवारी संध्याकाळी सातला त्या घरी परत जायचंय. रूथ, पहिला अध्याय, पूर्ण. आजींचा चष्मा आता दोऱ्यावरही टिकत नाही, म्हणून मोठ्यानं वाचणारं कुणीतरी लागेल. येणाऱ्यांनी पेन्सिल आणावी. आणि भाकरी.